शेतावरील दुरुस्तीच्या बाकासाठी लाकडाची निवड

ऐन पेरणीच्या तोंडावर पाभरीचा फण वाकतो, कोळप्याची पास निसटते किंवा फवारणी पंपाचा दट्ट्या अडकतो. एवढ्याशा कामासाठी तालुक्याच्या गावी जावे, तर येण्याजाण्यात चांगला वापसा हातचा निघून जातो. म्हणून अनेक शेतकऱ्यांनी गोठ्याशेजारी किंवा पंपघरात दुरुस्तीची छोटी जागा केलेली असते. शेगडा, घण, कानस ही हत्यारे चांगली घेतली जातात. परंतु शेगडा ज्यावर बसवायचा तो बाक मात्र हाताला लागेल त्या फळ्या ठोकून उभा केला जातो. पहिल्या पावसाळ्यात फळ्या फुगतात, उन्हाळ्यात आक्रसून पिळतात, बोल्ट सैल होतात आणि शेगडा डुलू लागतो. डुलणाऱ्या शेगड्यातून लोखंड निसटले की बोटे चेचली जातात. हे टाळायचे असेल तर बाकाच्या वरच्या भागाचे लाकूड विचारपूर्वक निवडावे.

लाकडात कोणते गुण असावेत?

पहिला गुण वजनाचा. घणाचा घाव सोसताना बाक जागचा हलू नये. ६ फूट लांब, २ फूट रुंद व ३ इंच जाड माथ्याला ३ घनफूट लाकूड लागते. सुकलेल्या बाभळीचा असा माथा सुमारे ६५ ते ७० किलो भरतो, तर सागाचा ५५ किलोच्या आसपास. दुसरा गुण कठीणपणाचा; लोखंडाचे कोपरे व नट लाकडात रुतू नयेत. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे सुकल्यानंतर लाकूड पिळू नये. हा गुण जातीवर जितका अवलंबून असतो, तितकाच लाकूड कसे चिरले व कसे सुकविले यावरही अवलंबून असतो.

कोणते लाकूड घ्यावे?

साग : आकार बदलत नाही, वाळवी व किडीला दाद देत नाही. मात्र किंमत जास्त आणि घणाच्या कामासाठी बाभळीइतका कठीण नाही. सुतारकामाच्या बाकास उत्तम.

बाभूळ : गाडीची चाके, नांगर, वखर यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले लाकूड. जड, चिवट आणि धक्का सोसणारे. बांधावर उपलब्ध असेल तर दुरुस्तीच्या बाकासाठी हीच पहिली पसंती असावी. ओले चिरून लगेच वापरले तर मात्र हमखास तडकते.

ऐन व किंजळ : कोकण व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांना सोयीचे. मजबूत व वजनदार. परंतु ऐन सुकताना भेगाळतो, म्हणून सावलीत हळूहळू सुकवावा.

आंबा : स्वस्त व कापण्यास सोपा, पण ओल लागल्यास लवकर कुजतो आणि त्याला भुंगा लागतो. हलक्या कामापुरताच वापरावा.

निलगिरी : कठीण असली तरी सुकताना पिळते व फाटते. माथ्यासाठी टाळावी.

जुने लाकूड : पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया किंवा वासे मिळाल्यास ते अवश्य घ्यावेत. अनेक वर्षे छपराखाली राहिल्याने ते पूर्ण सुकलेले असतात. चिरण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधून काढावेत आणि भिंतीत गाडलेले टोक कुजले असल्यास कापून टाकावे.

प्लायवुड : लाकूड न मिळाल्यास १९ मि.मी. जाडीचे दोन थर सरसाने व स्क्रूने एकमेकांवर बसवून खाली भक्कम चौकट द्यावी. ओल येणाऱ्या जागेसाठी आय.एस. ७१० चा शिक्का पाहून घ्यावे. भुशाचे दाबीव बोर्ड घेऊ नयेत. ते पाण्याने फुगतात व त्यात बोल्ट धरत नाही.

झाड तोडण्यापूर्वी

झाड स्वतःच्या शेतात असले तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ इत्यादी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांच्या बाबतीतही तोडणी व वाहतुकीचे नियम वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारूनच करवत लावावी.

चिराई कशी करावी?

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही. रुंदीत मात्र आक्रसते. त्यातही वार्षिक वर्तुळांच्या कडेने होणारे आकुंचन केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. या असमानतेमुळेच रुंद फळी पन्हळीसारखी वाकते. २ फूट रुंदीच्या ओल्या माथ्यात ६ टक्के आकुंचन झाले, तरी जवळजवळ दीड इंचाची फट पडते. म्हणून रुंद फळ्यांऐवजी अरुंद पट्ट्या घ्याव्यात.

वरील मापाच्या बाकासाठी २ इंच रुंद व ३ इंच उंच अशा १२ पट्ट्या पुरतात. आकुंचन व रंधाकाम धरून प्रत्येक पट्टी पाव इंच जास्त आणि साडेसहा फूट लांब चिरावी. यासाठी चिरलेले लाकूड सुमारे ४ घनफूट लागेल. खोडाच्या अगदी मधला मऊ मगज पट्टीत येऊ देऊ नये, कारण तेथूनच भेग सुरू होते. सालीलगतचे पांढरे लाकूडही काढून टाकावे. त्यातील पिठूळ अंशामुळे भुंगा तेथेच प्रथम लागतो. बाभळीचे ओंडके काही आठवडे तळ्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणासाठी उपयोगी आहे.

सुकवण : येथे घाई नको

हिवाळ्यात तोडणी करून लगेच चिराई करावी. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड तैलरंग लावावा, कारण टोकांतून ओल फार झपाट्याने जाते व तेथे भेगा पडतात. छपराखाली, जमिनीपासून दीड फूट उंचीवर पट्ट्यांची थप्पी रचावी. प्रत्येक थरामध्ये दर दीड-दोन फुटांवर १ इंच जाडीच्या कोरड्या चिपा ठेवाव्यात आणि त्या बरोबर एकाखाली एक येतील असे पाहावे. थप्पीवर दगडांचे वजन ठेवावे. ऊन व पाऊस लागू देऊ नये, वारा मात्र खेळता असावा.

जाडीच्या दर इंचास एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे २ इंची पट्टीला दोन वर्षे धरावीत. खात्री करण्यासाठी एका पट्टीवर खूण करून तिचे दरमहा वजन करावे. कोरड्या दिवसांत लागोपाठ दोन महिने वजन घटले नाही, तर लाकूड तयार झाले असे समजावे. अधिक अचूक माहिती हवी असल्यास जास्तीच्या पट्टीचा, टोकापासून फूटभर आतला तुकडा कापून त्याचे लगेच वजन करावे व नंतर तो भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. तुकडा ओला असताना २३० ग्रॅम व वाळल्यावर २०० ग्रॅम भरला, तर घटलेले ३० ग्रॅम भागिले २०० म्हणजे १५ टक्के ओल. ही ओल १२ ते १४ टक्क्यांवर आली की लाकूड कामास घ्यावे. कोकणातील दमट हवेत ती थोडी जास्त राहील.

जोडणी व निगा

पट्ट्या उभ्या ठेवून त्यांतून आटे पाडलेल्या १२ मि.मी. जाडीच्या तीन सळया आरपार घालाव्यात आणि दोन्ही टोकांना रुंद वॉशर लावून नट आवळावेत. एक पावसाळा व एक उन्हाळा गेल्यावर नट पुन्हा आवळावेत. माथा पायांना जोडताना मागच्या बाजूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडाला हालचालीस वाव मिळतो. शेगडा पायाच्या बरोबर वर बसवावा. त्याच्या जबड्याची उंची तुमच्या कोपराइतकी असावी.

माथ्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. वेल्डिंग बाकावर न करता लोखंडी घोडीवर करावे. फवारणी पंप बाकावर घेण्यापूर्वी स्वच्छ धुवावा, कारण लाकडात मुरलेले औषध सहजासहजी निघत नाही आणि त्याच बाकाशी घरातील मुले खेळतात.

थोडक्यात, बांधावरील बाभूळ दोन वर्षे सुकवली, तर ती ओल्या सागापेक्षा चांगला बाक देते. बाकाची घाई असेल तर जुने लाकूड शोधावे. ओले लाकूड मात्र वापरू नये. या हिवाळ्यात पट्ट्या चिरून ठेवल्यास तिसऱ्या वर्षीच्या पेरणीपूर्वी तुमचा बाक तयार असेल आणि पुढे अनेक हंगाम दुरुस्तीसाठीची धावपळ वाचेल.