शून्य ओळी म्हणजे शून्य नियम नव्हे

आजचा एपिसोड छोटा आहे, पण त्यापायी माझी एक अख्खी रात्र गेलीय.

झालं असं, की जुना डेटा नव्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायचा होता. टीमने मला विचारलं, "मोबाइल नंबरच्या कॉलमवर काही कॉन्स्ट्रेंट आहे का?" कॉन्स्ट्रेंट म्हणजे डेटाबेस स्वतः पाळायला लावतो तो नियम. नंबर रिपीट नको, कॉलम रिकामा नको, वगैरे. मी इन्फर्मेशन स्कीमामधल्या 'टेबल कॉन्स्ट्रेंट्स' या व्ह्यूवर क्वेरी मारली. शून्य ओळी! "काहीच नाही," मी छातीठोकपणे सांगून टाकलं. रात्री इम्पोर्ट सुरू झाला आणि डुप्लिकेट नंबर आल्यावर आपटला. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, त्यामुळे आधी गेलेला डेटाही रोलबॅक.

नियम होता, फक्त मला दिसत नव्हता. कारण माझं लॉगिन रीड-ओन्ली होतं. ज्या टेबलचे तुम्ही मालक आहात, किंवा ज्यावर तुम्हाला सिलेक्टखेरीज आणखी काही परवानगी आहे, त्याचेच कॉन्स्ट्रेंट हा व्ह्यू दाखवतो. एरर वगैरे येत नाही बरं का, ओळी गुपचूप गाळल्या जातात.

मग बघायचं कुठे? पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, 'पीजी कॉन्स्ट्रेंट' या टेबलात. ते रीड-ओन्ली लॉगिनलाही दिसतं. तिथे प्रत्येक नियमाला एक अक्षर असतं: पी म्हणजे प्रायमरी की, एफ फॉरेन की, यू युनिक, सी चेक. कॉलमचं नाव मात्र थेट मिळत नाही, 'कॉनकी'मध्ये कॉलमचे नंबर असतात. ते 'पीजी अ‍ॅट्रिब्यूट'शी जोडले, की नावं कळतात. घाई असेल तर पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डी आणि पुढे टेबलचं नाव टाका, नियम समोर येतात.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुणी युनिक इंडेक्स थेट बनवला असेल, तर तो कॉन्स्ट्रेंटमध्ये नोंदलेलाच नसतो, 'पीजी इंडेक्स'मध्ये शोधावा लागतो. आणि साध्या टेबलातल्या कॉलमचं 'नॉट नल' 17व्या आवृत्तीपर्यंत फक्त 'पीजी अ‍ॅट्रिब्यूट'मध्ये असायचं, 18पासून ते एन अक्षराने कॉन्स्ट्रेंटमध्येही दिसतं.

तर पुढच्या वेळी शून्य ओळी आल्या, की टीमला उत्तर द्यायच्या आधी स्वतःला विचारा: नियम नाहीये, की मला दिसत नाहीये?

चला, भेटू पुढच्या भागात!