शेवटच्या टोकाला पाणी कोण पोचवणार?



परवा गट सभेत एका वयस्क सभासदांनी आम्हाला सरळच विचारले, "साहेब, सामुदायिक उपशाची स्कीम करू, वर्गणीही भरू, पण टोकाच्या शेताला पाणी येईल याची हमी कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. जॅकवेल, मोटार, पाइपलाइन पैशाने उभी राहते. हमी मात्र आपसांतल्या नियमांनीच मिळते. यासाठी नायगावची हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन खंडाने घेतली. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला, त्याच्याखाली विहीर खणली आणि पाणी उपसून वर चढवले. माळावर पीक उभे राहिले. पुढे याच कामातून पाणी पंचायत आकाराला आली.

तिचे नियम असे :

१) पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी. दर माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे.

२) भूमिहीनालाही पाण्यात वाटा. तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो.

३) जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

४) खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी स्वतः भरायचा. पदरचा पैसा अडकला की माणूस मोटारीला घरच्या बैलासारखे जपतो.

५) ऊस व इतर बारमाही पिके बंद.

पाचवा नियम आम्हा ऊसवाल्यांना झोंबणारा! पण हिशेब करून पाहा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरहून थोडे जास्त. तीन इंचांची एक पाळी दिली की तीन लाख गेले. आडसाली ऊस तर दीड वर्षाच्या आसपास रानात उभा. तलाव लहान असेल, तर एकाच्या उसापायी चार घरांची ज्वारी वाळते. मग भांडणे, थकबाकी आणि शेवटी मोटारीला कुलूप.

ऊस वाढवणे ही आमची नोकरी आहे. तरीही सांगतो, पाणी न मोजता लावलेला ऊस कारखान्याच्याही कामाचा नाही. लागणीची नोंद होते, उन्हाळ्यात पाणी तुटते आणि टनेज बसते. नदीकाठच्या स्कीमला ऊस बंदीची गरज नाही; पण माणशी उसाचे क्षेत्र ठरवा, आणि ठिबक करा. ठिबकाने पाण्याची मोठी बचत होते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की नकाशा काढण्याआधी नियम कागदावर लिहा. पाळी टोकाकडून सुरू करा. पाटकरी सर्वांनी मिळून नेमा; पुढाऱ्याच्या शेतालाही पाळी सोडून पाणी न देणारा माणूस बघा. बैठकीला घरच्या बाईमाणसांनाही बोलवा. घरात पाणी किती लागते ते त्यांनाच नेमके ठाऊक असते.

त्या वयस्क सभासदांना आमचे उत्तर हेच : हमी कारखाना देऊ शकत नाही, सरकारही नाही. ती तुम्हीच एकमेकांना द्यायची आहे. लिहायला बसाल तेव्हा हाक मारा, आम्ही येऊ.

— ऊस विकास अधिकारी