कणमापनासाठी लेसर उपकरणाची निवड

जमिनीतील वाळू, पोयटा व चिकणमाती यांच्या प्रमाणावरून ती पाणी किती धरून ठेवील, निचरा कसा होईल व पाण्याच्या पाळ्या किती अंतराने द्याव्यात, याचा अंदाज बांधता येतो. हे प्रमाण काढण्याची पिपेट पद्धत जुनी व विश्वसनीय असली तरी वेळखाऊ आहे. २ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या २ सहस्रांश आकाराचा कण पाण्यात १० सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ८ तास लागतात. लेसर उपकरण हेच काम काही मिनिटांत करते. तथापि, त्याची खरेदी करण्यापूर्वी ते नेमके काय मोजते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हे उपकरण कणांचा आकार प्रत्यक्ष मोजत नाही. पाण्यात मिसळलेल्या नमुन्यावर लेसर किरण पडला की मोठे कण प्रकाश लहान कोनात, तर बारीक कण मोठ्या कोनात विखुरतात. या विखुरण्यावरून आकाराचे गणित केले जाते. त्याचा आधार गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडलेला सिद्धांत होय. या गणितात प्रत्येक कण गोल मानलेला असतो. चिकणमातीचे कण मात्र पापुद्र्यासारखे चपटे असल्याने ते आहेत त्याहून मोठे भासतात व चिकणमातीचे प्रमाण कमी दिसते. नेदरलँड्समधील कोनर्ट व वांडेनबर्ग यांना १९९७ मध्ये असे आढळले की, पिपेट पद्धतीतील २ मायक्रॉनची सीमा लेसर पद्धतीत ८ मायक्रॉनशी जुळते. हा फरक ध्यानात न घेतल्यास भारी काळी जमीन मध्यम ठरेल, शेतकऱ्यास पाळ्या वाढविण्याचा सल्ला मिळेल आणि जमीन पाणथळ होण्याचा धोका उद्भवेल.

निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. कणांचा पल्ला : लेसर विवर्तन पद्धत साधारणतः ०.१ मायक्रॉन ते ३ मिलिमीटर या पल्ल्यासाठी योग्य आहे. त्याहून सूक्ष्म कणांसाठी कणांच्या अखंड हालचालीवरून आकार ठरविणारे निराळे लेसर उपकरण लागते.

२. ओली वा कोरडी सोय : मातीसाठी पाणी चालते. साखर पाण्यात विरघळते व सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होते. अशा पदार्थांसाठी कोरडी सोय किंवा अन्य द्रव आवश्यक असतो.

३. प्रत्यक्ष चाचणी : विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यावर विसंबू नये. आपल्याच भागातील हलकी, मध्यम व भारी माती देऊन प्रत्येकीची तपासणी अनेकदा करून घ्यावी आणि तीच माती पिपेट पद्धतीनेही तपासावी.

उपकरण बसविल्यानंतरही प्रत्येक अहवालात पद्धतीचा उल्लेख असावा. जुने व नवे आकडे परस्परसंबंध निश्चित केल्याविना एकाच तक्त्यात मांडू नयेत. उपकरणाचा वेग उपयुक्त आहेच. परंतु मृदा परीक्षणाच्या अहवालावर विसंबून शेतकरी आपल्या पिकाचे नियोजन करतो, हे खरेदीचा निर्णय घेणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये.