दचक आणि धास्ती : भयानक रस आणि चेन्नईचा एक चित्रपट

भीतीच्या छटा दाखविणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. दचकणे, बिचकणे, चरकणे, धास्तावणे, धसका घेणे ही क्रियापदे सामान्य बोलण्यातही एकमेकांच्या जागी येत नाहीत. स्वयंपाकघरात फळीवरून भांडे पडले की माणूस दचकतो. मुलगा रात्री अकरा वाजेपर्यंत घरी आला नाही की आई धास्तावते. दचकणाऱ्याला आपण कशाला भ्यालो हे दचकून झाल्यावर कळते. धास्तावलेल्याला ते आधीच ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे वाटत असते, आणि त्या ठाऊकपणातूनच त्याची भीती वाढते. भयपटांच्या विचारात हा भेद पायाभूत मानावा, आणि आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने तो केव्हाच केलेला आहे, एवढे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रेक्षकाला दचकविण्याची हिकमत आता सर्वपरिचित झाली आहे. पडद्यावर शांतता पसरते, पार्श्वसंगीत थांबते, पात्र एखाद्या दाराकडे किंवा आरशाकडे हळूहळू जाते. आणि प्रेक्षकाचे लक्ष एका बाजूला गुंतले असता दुसऱ्या बाजूने एक विद्रूप चेहरा प्रचंड ध्वनीसह अंगावर येतो. त्या क्षणी पापणी मिटते, मान आत ओढली जाते, खांदे आखडतात. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अर्थ समजण्याच्या आत ती उरकलेली असते. म्हणूनच त्या चेहऱ्याच्या जागी मांजर असले तरी परिणाम तोच होतो, आणि पुष्कळदा दिग्दर्शक मांजरच ठेवतो. चित्रपटगृहांत चहूबाजूंनी आवाज सोडण्याची सोय झाल्यापासून तर हे काम फारच स्वस्त झाले आहे. त्यासाठी कथेची गरज नाही, पात्राची नाही. पुरेसा मोठा आवाज असला म्हणजे झाले.

भरताने भय हा स्थायीभाव मानला आणि त्यापासून भयानक रस होतो असे सांगितले. परंतु त्याच नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत ‘त्रास’ नावाचा एक भाव वेगळा दिला आहे, आणि त्याची कारणे म्हणून वीज, उल्कापात, मेघगर्जना, भूकंप अशा अकस्मात घडणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. भय असताना त्रास निराळा कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तरकालीन शास्त्रकारांनी तिचे उत्तर नेमके दिले: त्रास म्हणजे एकाएकी उठणारा मनाचा कंप; भय हे मागचापुढचा विचार केल्याने उत्पन्न होते. ‘पूर्वापरविचार’ हाच येथे कळीचा शब्द आहे. काय घडून गेले आणि काय घडू पाहत आहे यांचा सांधा ज्याला जोडता येतो तोच भिऊ शकतो. बाकीच्यांनी फक्त दचकावे.

अभिनवगुप्ताने याच्याही पुढची पायरी गाठली. रसप्रतीती म्हणजे काय हे सांगताना त्याने नेमके भयानकाचे उदाहरण घेतले, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, रथाकडे मान वळवून पुनःपुन्हा पाहत धावणारे हरिण हे ते उदाहरण होय. ते भय कोणाचे? ‘मी भ्यालो’ असे प्रेक्षकाला वाटत नाही आणि ‘हे हरिण भ्याले, माझे काय’ असेही वाटत नाही. देशकालाची आणि व्यक्तीची बंधने गळून केवळ भय प्रतीतीस येते. या प्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने त्याने मोजली, त्यांत प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. या दृष्टीने पाहिले असता दचक हे रसाचे साधन तर नव्हेच, उलट ते रसविघ्न ठरते. जो दचकला तो ‘मी’ दचकला. त्या क्षणापुरता तो हरिणाला विसरून आपल्या खुर्चीत, आपल्या धडधडत्या छातीपाशी परत आला. मग तो शेजाऱ्याकडे पाहून हसतो. हे हसणे सुटकेचे असते, आणि चित्रपटाबाहेर पडल्याची खूणही असते.

या विचाराला चित्रपटाचे उदाहरण शोधताना प्रस्तुत लेखक चेन्नईकडे वळला, याला एक कारण असेही आहे की रसचर्चेचा आधुनिक काळातील एक महत्त्वाचा ग्रंथ, डॉ. वे. राघवन् यांचा रससंख्येवरील इंग्रजी प्रबंध, 1940 मध्ये त्याच शहरातील अड्यार ग्रंथालयाने प्रसिद्ध केला. अर्थात् कोडंबाक्कमच्या चित्रपटकारांनी तो वाचला असेल असे सुचविण्याचा हेतू नाही. त्यांना हा भेद धंद्याच्या अनुभवातून सापडला असावा.

त्यांतील पहिले नाव सुंदरम् बालचंदर यांचे. हे वीणावादक म्हणून देशभर गाजले. पण 1954 मध्ये त्यांनी ए. व्ही. एम.साठी ‘अंद नाळ’ हा एकही गाणे नसलेला तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला होता, आणि 1964 मध्ये त्यांनी ‘बोम्मै’ काढला. बोम्मै म्हणजे बाहुली. एका माणसाचा जीव घेण्यासाठी चालत्याबोलत्या बाहुलीत बाँब दडविला जातो, आणि ती बाहुली भलतीकडेच जाऊन या हातातून त्या हातात फिरू लागते. तिच्या पोटात काय आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तिला कवटाळणाऱ्याला ते ठाऊक नसते. हिचकॉकने त्र्यूफोशी झालेल्या आपल्या प्रसिद्ध संभाषणात टेबलाखालच्या बाँबचा दाखला दिला आहे: बाँब अकस्मात फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचे आश्चर्य लाभते, आणि तो तेथे आहे हे आधी सांगितले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. हा त्रास आणि भय यांचाच भेद आहे. ‘बोम्मै’ हा रूढ अर्थाने भयपट नव्हे, रहस्यपट आहे. पण गोंडस खेळण्याकडे पाहताना पोटात गोळा उठणे हे पूर्वापरविचारावाचून शक्य नाही. मागल्या स्वराचा कंप पुढल्या स्वरात ओढून नेणे हेच ज्याचे जन्मभराचे काम, त्या वैणिकाला ही गोष्ट उमगावी याचे नवल वाटत नाही. ही तुलना थोडी कल्पनेची आहे हे मान्य आहे.

भयाचा दुसरा प्रवाह गाण्याचा. ‘महल’ (1949) पासून हिंदीत आणि ‘नेंजम् मरप्पदिल्लै’ (1963) सारख्या चित्रपटांतून तमिळमध्ये, जुना वाडा, पूर्वजन्म आणि दुरून येणारे स्त्रीचे गाणे अशी एक परंपरा रुळली. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) त्याच वाटेवरचा. यांत दचक नाही हे खरे, पण पुष्कळदा भयही नाही. शृंगार आणि करुण यांवर धुक्याचा पातळ पडदा सोडलेला असतो, एवढेच.

आता मुख्य उदाहरण. विक्रम कुमार यांचा ‘यावरुम् नलम्’ हा चित्रपट 2009 मध्ये तमिळमध्ये या नावाने आणि हिंदीत ‘13 बी’ या नावाने प्रदर्शित झाला. छायालेखन पी. सी. श्रीराम यांचे, प्रमुख भूमिका माधवन यांची. मराठी रंगभूमीचे परिचित नट सचिन खेडेकर यांनी त्यात डॉक्टरची भूमिका केली आहे. तमिळ शीर्षकाचा अर्थ ‘सर्वजण कुशल’. आपल्याकडे पत्राच्या आरंभी ‘येथील सर्व कुशल’ असे लिहिण्याची जी रीत होती तीच तमिळ पत्रांतूनही आहे, आणि चित्रपटाला तेच वाक्य नाव म्हणून लाभले आहे. ज्या पत्रात प्रारंभीच सर्व कुशल असल्याचे आवर्जून लिहिले आहे ते पुढे वाचताना मन साशंक होते, हा अनुभव कोणाला नाही?

कथा अशी. मनोहर आणि त्याचा थोरला भाऊ कर्ज काढून तेराव्या मजल्यावर सदनिका घेतात. आई, बहीण, दोघांच्या बायका आणि मुले असे एकत्र कुटुंब तेथे राहावयास येते. नाट्यशास्त्राने भयानकाचे जे विभाव सांगितले त्यांत ‘शून्यागार’, म्हणजे रिकामे घर, प्रसिद्ध आहे, आणि जगभरच्या भयपटांनी त्याची वस्त्रे विटेपर्यंत ते वापरले. येथे घर रिकामे नाही. ते भरलेले आहे, उजळ आहे, नवे आहे. भिंतींना रंगाचा वास येत असावा इतके नवे. जे बिघडते ते क्षुल्लक असते. दूध नासते. देवघराच्या भिंतीत देवांच्या तसबिरींसाठी खिळा बसत नाही. उद्वाहक सर्वांना घेऊन वर जातो, मनोहर एकटा असला की हलत नाही. शेजारच्या अंध गृहस्थांचा कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही. यांतील कोणत्याही एका गोष्टीने कोणी भिणार नाही. घर घेतलेल्या कोणत्याही माणसाकडे अशा चार तक्रारी असतात. पण प्रेक्षक त्या मोजू लागतो, आणि मोजणे हा पूर्वापरविचाराचा आरंभ आहे.

घरातल्या बायका दुपारी एक वाजता दूरदर्शनसंचावर एक कौटुंबिक मालिका पाहतात. तिचे नावही ‘यावरुम् नलम्’च. त्या मालिकेतील कुटुंबही नुकतेच नव्या घरात आलेले आहे. मनोहर सहज बसून पाहू लागतो आणि त्याच्या ध्यानात येते की पडद्यावर जे आज घडले ते लवकरच आपल्या घरात घडते. आधी सारे शुभच घडते: परीक्षेतील यश, बढती, गर्भधारणा. चित्रपटाची खरी करामत या शुभात आहे. पुढे मालिकेतील सुनेवर संकट येते तेव्हा मनोहर घराकडे धावत सुटतो, आणि प्रेक्षकाला त्याच्या धावण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एका खोलीत, एकाच पडद्यासमोर दोन प्रकारचे प्रेक्षक बसले आहेत हे येथे लक्षात घ्यावे. सासूसुनांना ती मालिका म्हणजे विरंगुळा; पात्रांच्या दुःखाने त्यांचे डोळे पाणावतात आणि भाग संपला की त्या भाजी निवडावयास उठतात. त्यांचे पाहणे साधारणीकृत आहे. मनोहरचे तसे नाही. त्याला ती कथा आपली आहे हे कळलेले आहे, म्हणून त्याला रस घेता येत नाही. त्याच्या वाट्याला निखळ लौकिक भय येते. भरताने भयानकाच्या विभावांत स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे, त्याची कथा कानी येणे हेही सांगितले आहे. येथे पाहणे, ऐकणे आणि कथा ही तिन्ही एकाच संचात एकवटली आहेत. आणि आपण, चित्रपटगृहातले, मनोहरचे ते लौकिक भय रसरूपाने घेत असतो. हरिण मान वळवून रथाकडे पाहते तसा मनोहर त्या संचाकडे पाहतो. भरताने भय हा स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांचा भाव मानला होता. तेथे तेवढे शास्त्र चित्रपटाने बिनदिक्कत उलटे केले आहे: स्त्रिया निर्धास्त, आणि शिकलेला कर्ता पुरुष भयाने पोखरलेला.

हा चित्रपट निर्दोष आहे असे कोणी म्हणू नये. त्याचा उत्तरार्ध एका जुन्या हत्याकांडाच्या उलगड्याकडे वळतो. गूढाला कारण मिळते, कारणाला गुन्हेगार मिळतो, आणि हातोडा दिसू लागला की पूर्वापरविचाराला काही काम उरत नाही. मधूनमधून ध्वनिपट्टीही आपला संयम सोडते. पण पहिल्या तासाची धास्ती अस्सल आहे, आणि तिला भूत दाखवावे लागलेले नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकेल. त्रास हा व्यभिचारी भाव आहे, आणि व्यभिचारी भाव रसाला पोषकच असतात. मग दचकेला विघ्न ठरवून बाहेर घालविणे शास्त्राला धरून होईल काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर झाक तूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’ (1942) या अमेरिकी चित्रपटात मिळते. दचकविण्याच्या ज्या हिकमतीला निर्माते व्हॅल लुटन यांच्या नावावरून ‘लुटनची बस’ असे म्हणतात ती त्यातलीच. एक स्त्री रात्री उद्यानाच्या कडेने चालली आहे. मागे दुसऱ्या पावलांचा आवाज आहे. मग तो आवाज थांबतो. तो का थांबला हे आपल्याला ठाऊक आहे. आपण कान देतो, आणि श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज करीत एक बस तिच्यापुढे येऊन उभी राहते. ही दचक पोषक आहे, कारण आधी भय स्थिर झालेले होते आणि बस निघून गेल्यावरही ते तसेच राहते. व्यभिचारी भाव हा येतो आणि जातो. तो पाहुणा आहे. पुढील अनेकांनी पाहुण्यालाच घर देऊन टाकले. त्याच चित्रपटात पोहण्याच्या तलावाचा प्रवेश आहे: छतावर हलणारी पाण्याची तिरीप, सावल्या, कोठून येते ते न समजणारी गुरगुर. तेथे बसही नाही, आणि तोच प्रवेश अधिक काळ मनात राहतो.

चेन्नईतील नंतरच्या चित्रपटांपैकी कार्तिक सुब्बराज यांच्या ‘पिझ्झा’ (2012) मध्ये विजेरीच्या उजेडात चाललेला एक दीर्घ प्रवेश आहे, तो सांगितलेल्या गोष्टीच्या जोरावर कसा उभा राहतो हे स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. अश्विन सरवणन् यांचा ‘माया’ (2015) मात्र येथे नोंदवावयास हवा. दचका त्यात पुष्कळ आहेत, आणि त्या जागी तो इतरांसारखाच होतो. परंतु त्याच्या कथेत एका भयपटाची पैज आहे: जो तो चित्रपट चित्रपटगृहात एकट्याने बसून पाहील त्याला बक्षीस. कर्जाने गांजलेली, तान्ह्या मुलीची आई असलेली नायिका (नयनतारा) पैशासाठी ती पैज घेते. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून जाऊन ती बसते, दिवे मालवतात, आणि कृष्णधवल चित्र सुरू होते. शेजारी कोणी नसते. दचकल्यावर ज्याच्याकडे पाहून हसावे असा कोणी नसतो. हळूहळू तिला पडद्यावरच्या गोष्टीत आपलीच गोष्ट दिसू लागते, आणि ती उठून जात नाही.