आत्मकरुणा, नैराश्य आणि दैनंदिन वर्तन : सुरगाण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला भिडलेला आदिवासीबहुल तालुका होय. येथील अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. भात-नागलीची कापणी उरकली की कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. मुलगाही सोबत गेला तर वर्ग बुडतात आणि एखादा विषय राहतो. त्यानंतर तो स्वतःशी काय बोलतो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. ‘विषय राहिला’ या विधानापुढे फेरपरीक्षेची वाट असते. ‘मी शिकण्याच्या लायकीचाच नाही’ या विधानापुढे ती नसते.

संकल्पना :
क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची संकल्पना व २६ विधानांची मापनश्रेणी मांडली. अपयशात स्वतःशी ममत्वाने वागणे, दुःख सर्व माणसांच्या वाट्यास येते याची जाण ठेवणे आणि वेदनेत वाहून न जाता तिच्याकडे सजगतेने पाहणे, ही तिची तीन अंगे. या विचाराचे मूळ बौद्ध परंपरेत आहे. मराठी वाचकास तो सर्वस्वी परका नाही. अल्बर्ट एलिस यांचा विनाअट आत्मस्वीकाराचा विचार कि. मो. फडके यांनी मराठीत यापूर्वीच रुजविला. मात्र ‘करुणा’ शब्द ऐकताच स्वतःची कीव असा अर्थ घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे. कीव करणारा ‘माझ्याच नशिबी हे का?’ असे विचारून एकटा पडतो. आत्मकरुणेचे दुसरे अंग नेमके याच्या उलट आहे.

नैराश्याशी व वर्तनाशी संबंध :
मॅकबेथ व गमली यांनी २०१२ मध्ये १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आत्मकरुणा आणि नैराश्य, चिंता, ताण यांच्यातील सहसंबंध ऋण ०.५४ इतका आढळला. हा आकडा जपून वाचावयास हवा. मापनश्रेणीतील निम्मी विधाने आत्मनिंदा, एकटेपणा यांविषयीची आहेत आणि हीच नैराश्याचीही लक्षणे होत. त्यामुळे संबंध फुगून दिसू शकतो, असा आक्षेप म्युरिस व पेत्रोकी यांनी २०१७ मध्ये नोंदविला. शिवाय घरी कोकणा बोलणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रमाण मराठीतील प्रश्नावली ठेवल्यास त्याची आत्मकरुणा मोजली जाते की भाषाज्ञान, हेही तपासावे लागेल.

प्राध्यापकांची स्वाभाविक शंका अशी की, स्वतःला माफ करणारा विद्यार्थी आळशी होईल. ब्राइन्स व चेन यांचा २०१२ चा प्रयोग वेगळेच दाखवितो. कठीण शब्दसंग्रह चाचणीत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचविले, त्यांनी पुढील चाचणीसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. कारण उघड आहे : चूक पाहण्याची भीती कमी झाली की वही उघडणे सोपे जाते. आत्मनिंदा करणारा निकालाचा फलक, वर्ग आणि शिक्षक या तिन्हींना टाळू लागतो. वर्गात त्याची नोंद मात्र ‘बेफिकीर’ अशी होते.

मजुरीमुळे बुडालेली हजेरी ही मनाची दुर्बलता नव्हे. तिच्यावर आत्मकरुणेचा उपदेश हा उतारा होऊ शकत नाही. तेथे वेळापत्रक व जादा तासांचाच विचार करावा लागतो. उदासी, झोप-भुकेतील बिघाड व निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोल कानी आल्यास क्षणाचाही विलंब न करता, विद्यार्थ्यास तज्ज्ञांपर्यंत पोहोचविणे आवश्यक ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.