पान लागले तर पायाला दोरी आवळू नका!



मृगाचा पाऊस पडला की बिळात पाणी शिरते आणि साप बाहेर निघतो. नेमके त्याच दिवसांत आपणही अनवाणी शेतात उतरतो. पेरणी, निंदणी, पुढे सोयाबीनची काढणी, भातकापणी, शिवाय रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी. या सगळ्या कामांत आपला पाय आणि साप एकाच बांधावर असतात, म्हणून बहुतेक दंश पायालाच होतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यातली बहुतेक आपल्यासारखी खेड्यापाड्यातली.

गावात कुणाला पान लागले की पहिले काम काय होते? कुणी कासरा आणतो, कुणी सुतळी, कुणी लुगड्याचा काठ फाडतो, आणि दंशाच्या वर करकचून गाठ बसते. विष वर चढू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ही दोरी पायात नेमके काय अडवते, हे एकदा नीट समजून घ्या.

बोटाला सुतळी बांधून बघा

शेतकरी मेळाव्यात मी एक साधा प्रयोग करून घेतो. तुम्हीही करा. तर्जनीच्या बुडाला सुतळीचा वेढा द्या, जरा सैलसर. थोड्या वेळाने बोट लालसर-निळे होते, तटतटते. आता वेढा आवळा. बोट पांढरे पडते, गार लागते, मुंग्या येतात. अर्ध्या मिनिटात सुतळी सोडा, जास्त वेळ ठेवू नका. सोडल्याबरोबर बोट लालबुंद होते.

सुतळी तीच, बोटही तेच. मग आधी निळे आणि नंतर पांढरे का?

येणारे पाणी, जाणारे पाणी

शेताचेच उदाहरण घ्या. मोटारीचे पाणी लपेटा पाइपातून दाबाने येते. जादा पाणी मात्र चरातून संथपणे जाते, त्याला दाब नसतो. पायातही तसेच आहे. हृदयाकडून रक्त आणणारी ती धमनी. तिच्यात जोर असतो. परत नेणारी ती शीर. तिच्यात दाब फारच कमी.

म्हणून बाहेरून थोडे दाबले की आधी शीर बंद होते. चर बुजला, पण मोटार चालूच आहे. मग शेताचे काय होते? चिबडते. पायही तसाच चिबडतो. रक्त येत राहते, जात नाही, सूज वाढते, रंग काळानिळा होतो. दाब आणखी वाढवला की धमनीही मिटते. आता पाणी येणेच बंद. पाय पांढरा, गार आणि बधिर पडतो.

हे काही नवे ज्ञान नाही. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरतात, ते यंत्र इटलीचे डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दाखवले. पट्ट्याचा दाब धमनीतल्या दाबापेक्षा जास्त झाला की मनगटाची नाडी लागत नाही, हवा सोडली की ती परत लागते. धडधाकट माणसाचा वरचा दाब १२० च्या आसपास असतो. पण त्या पट्ट्याला काटा असतो, आपल्या सुतळीला नसतो. दोरी बारीक असेल तर खोलवरची धमनी मिटवायला ती फारच आवळावी लागते, आणि तोवर कातडी आणि नसा चेंगरतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरही असा पट्टा बांधतात, पण साधारण दोन तासांची मर्यादा पाळून. त्यापुढे स्नायू आणि नसा बिघडू लागतात. सहा तास धमनी बंद राहिली तर पाय वाचणे कठीण. आडगावातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जाण्यात किती वेळ मोडतो, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

विष जाते कुठून?

इथे खरी मेख आहे. साप चावतो तेव्हा विष धमनीत जात नाही, ते कातडीखालच्या मासात उतरते. तिथून बरेचसे विष लसिका नावाच्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर हळूहळू पुढे सरकते. या द्रवाला हृदयासारखा मोठा पंप नाही. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि तो द्रव वर ढकलला जातो. म्हणजे दंश झालेला माणूस पळत घरी आला, की त्याने स्वतःच विषाला पंप लावला.

आता दोरीने काय साधले? सैल असेल तर विष पूर्ण अडत नाही, वर पाय चिबडतो. घट्ट असेल तर पायाचे रक्त तोडले जाते. त्यात आपल्याकडची घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागचे मास नासवते. नागाच्या विषानेही तिथले मास सडते. असे विष एकाच जागी कोंडून ठेवायचे आणि त्या जागेला रक्तही पोचू द्यायचे नाही, हा दुहेरी मार झाला.

ऑस्ट्रेलियात डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७९ साली वेगळी पद्धत मांडली. पाय मुरगळल्यावर बांधतो तशी रुंद पट्टी पूर्ण पायाला, म्हणजे धमनी चालू आणि लसिका मंद. पण तिथले विषारी साप मुख्यतः नागाच्या कुळातले. आपल्याकडे घोणस-फुरसे आहेत, म्हणून घरच्या घरी दाबाची पट्टी बांधू नये, असेच आपल्याकडे सांगितले जाते.

गाठ सोडतानाचा धोका

समजा कुणी आधीच दोरी बांधली आहे. ती गाडीत बसल्या बसल्या झटकन सोडू नका. कोंडलेले विष एकदम अंगात जाते, आणि रोग्याचा श्वास अडखळू शकतो किंवा रक्तदाब कोसळू शकतो. दोरी डॉक्टरांसमोरच सुटली पाहिजे, लस आणि श्वासाची सोय हाताशी असताना. डॉक्टर आधी दोरीच्या खाली नाडी लागते का ते बघतात. लागत नसेल तर दाब मोजायचाच पट्टा वर बांधून, दोरी काढून, हवा हळूहळू सोडता येते.

मग आमच्या आज्याला गुण कसा आला?

हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. उत्तर सोपे आहे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे साप बिनविषारी. त्यांच्या दंशाने कुणी मरत नाही, दोरी बांधा की न बांधा. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. अशी माणसे आपोआप बरी होतात आणि यश दोरीच्या नावावर जमा होते. ज्यांचा पाय गेला, त्यांचे खापर मात्र सापाच्या माथी फुटते.

मळणी यंत्राची गोष्ट वेगळी

एक फरक पक्का लक्षात ठेवा. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात-पाय सापडून रक्ताची धार लागली, तर आधी स्वच्छ फडके जखमेवर जोरात दाबून धरा. तरीही धार थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावीच लागते. तिथे रक्त थांबवणे हेच काम आहे. बांधल्याची वेळ कागदावर लिहा, वाटेत सोडू नका. दोरी रक्त थांबवते, विष नाही, हे कळले की कुठे बांधायची आणि कुठे नाही, ते आपोआप कळते.

पान लागल्यावर काय करायचे?

१) रोग्याला खाली बसवा, धीर द्या. चालू देऊ नका, पळू तर मुळीच देऊ नका.

२) जोडवी, पैंजण, पायातला काळा दोरा, बूट लगेच काढा. सूज चढली की हेच फास होतात आणि बोटांचे रक्त अडवतात.

३) हाड मोडल्यावर बांधतो तशी कामटी किंवा फळी पायाला लावा. वरचे फडके सैल असावे, खाली बोट सहज गेले पाहिजे.

४) अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे झालेले नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. तसे झाले नाही तर फडके सैल करा.

५) चिरा देणे, चोखणे, बर्फ लावणे, मांत्रिकाकडे नेणे हे सगळे टाळा. सापाच्या मागे लागू नका.

६) १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने, रोग्याला आडवे ठेवून, लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. निघतानाच फोन करून लस आहे ना ते विचारा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. दंश किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगा.

या हंगामात एवढे करा. मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी १०८ आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर खडूने लिहून ठेवा. शेजारी दोन सरळ कामट्या आणि एक जुने धोतर टांगून ठेवा. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट विसरू नका. आणि कासरा बैलाच्या मानेलाच राहू द्या.