पुरणपोळीचं अत्तर कशाचं असतं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावून घेताना ते कशाचं आहे, हे आपण विचारत नाही. मोगरा, हिना, केवडा एवढं नाव पुरतं. गेल्या काही वर्षांत अत्तरदाणीच्या जोडीला छोट्या रोल-ऑन बाटल्या आल्या आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला शनिवार-रविवारी हॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत स्वतः सुगंधी तेलं बनवणाऱ्यांचा एखादा स्टॉल दिसतो. तिथले वास फुलांचे कमी आणि खाण्याचे जास्त असतात: फिल्टर कॉफी, नारळाची वडी, बासुंदी, चॉकलेट केक. एका खेपेत मोजक्याच बाटल्या भरतात, संपल्या की संपल्या. खाण्याच्या वासांच्या या प्रकाराला परफ्यूमच्या जगात 'गूरमाँ' म्हणतात. मला हे वास मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल सतत ऐकू येणारं एक वाक्य मला आता सहन होत नाही.

घाटकोपरच्या एका प्रदर्शनात मी पुरणपोळी नावाची बाटली हुंगत होते. स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "ताई, हे ऑइल आहे. अल्कोहोल नाही, केमिकल नाही, शंभर टक्के नॅचरल. लहान बाळालाही चालतं." ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही, तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. हेच वाक्य मी लोकलच्या लेडीज डब्यात ऐकलं आहे, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलं आहे आणि घरातल्या मोठ्यांकडूनही ऐकलं आहे. त्यात तीन वेगवेगळे गैरसमज आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला: 'केमिकल नाही, नॅचरल आहे.'

वेलची, जायफळ, लवंग यांच्यात बाष्पनशील तेल असतं आणि ते ऊर्ध्वपातनाने काढता येतं. कनौजला देग-भपक्याची पद्धत अजून चालते. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतं, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि परंपरेने तिथे असलेल्या चंदनाच्या तेलात सुवास मुरतो. कनौजच्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण गूळ देगेत उकळून गुळाचं अत्तर निघत नाही. दुधाचं, कॅरॅमेलचं, भाजलेल्या पोळीचंही निघत नाही. हे वास त्या पदार्थांत तेलासारखे साठलेले नसतात. साखर तापते, साखर आणि प्रथिनं यांची उष्णतेत अभिक्रिया होते आणि त्यातून शेकडो रेणू तयार होऊन हवेत पसरतात. विलेपार्ल्याच्या पारले बिस्किटांच्या कारखान्याजवळून गेलेल्या प्रवाशांना हे वेगळं सांगायला नको. तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला. तोवर गाडीत डोळे मिटून बसलेल्यालाही स्टेशन आल्याचं त्या वासावरून कळायचं. तो वास भट्टीत त्या क्षणी तयार होत होता. गव्हाच्या पिठातून पिळून काढता येईल अशी ती वस्तू नव्हती.

मग बाटलीतली पुरणपोळी कुठून येते? ती रचलेली असते. व्हॅनिलिनचा गोडवा, तापलेल्या साखरेसाठी एथिल माल्टॉल, नारळासाठी आणि सायीच्या स्निग्धपणासाठी लॅक्टोन गटातले रेणू, आणि कदाचित थोडं खरं वेलचीतेल. जळत्या साखरेची छटा देणारा सोटोलॉन नावाचा रेणू तर आपल्या मेथीदाण्यातही असतो. 2005 पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून पाकासारखा गोड वास पसरायचा आणि कुणाला कारण सापडत नव्हतं. 2009 मध्ये त्याचा माग न्यू जर्सीत मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यापर्यंत लागला. गोड वास आला म्हणजे तिथे साखर असलीच पाहिजे, असं नाही.

व्हॅनिला आणि कोको यांचे अर्क द्रावक वापरून काढता येतात, पण ते महाग असतात. व्हॅनिलाचं फूल हाताने फलित करावं लागतं. रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने 1841 मध्ये ही युक्ती शोधली आणि आजही लागवडीत तीच वापरतात. एवढं करून मुरवलेल्या शेंगेत व्हॅनिलिन असतं साधारण दोन टक्के. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1874 मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवलं, त्यानंतरच परफ्यूममध्ये त्याचा मोकळ्या हाताने वापर सुरू झाला. 1889 च्या गेर्लांच्या 'जिकी' या परफ्यूममध्ये ते आहे. 1992 मध्ये म्यूग्लेरच्या 'एंजल'मध्ये एथिल माल्टॉलची भरपूर मात्रा आली आणि आजच्या गूरमाँची लाट तिथून उठली. म्हणजे हा प्रकार जन्मालाच आला प्रयोगशाळेच्या बळावर. त्याला 'केमिकल नाही' म्हणणं हा त्यामागच्या कारागिरीचा अपमान आहे.

ही कारागिरी आपल्या उपनगरांना परकी नाही. 1922 मध्ये सुरू झालेली एस. एच. केळकर ही सुगंध बनवणारी कंपनी मुलुंडची ओळख आहे. मुलुंड पूर्वेच्या वझे महाविद्यालयात परफ्यूमरी आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. सुगंधकाराला नैसर्गिक तेलंही नाकाने ओळखावी लागतात आणि कृत्रिम रेणूही. त्याच्या दृष्टीने यातलं काहीच कमअस्सल नसतं.

दुसरा: 'अल्कोहोल नाही.'

इथेनॉल नाही, एवढ्यापुरतं हे खरं असतं. धार्मिक कारणाने इथेनॉल टाळणाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाचीही आहे. पण शुद्ध सुगंध क्वचितच तसाच भरतात. तो कशात तरी पातळ करावाच लागतो: खोबरेलापासून केलेलं हलकं तेल, लिक्विड पॅराफिन, डायएथिल थॅलेट किंवा डायप्रॉपिलीन ग्लायकॉल. यातलं शेवटचं रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोलच आहे. गुलाबातलं जिरॅनिऑल आणि चंदनातलं सँटॅलॉल हीसुद्धा अल्कोहोलच. त्यांनी नशाही येत नाही आणि त्या नावामुळे ती वाईटही ठरत नाहीत. विचारायचंच असेल तर 'कशात पातळ केलं आहे?' असं विचारा.

तिसरा, आणि सर्वात घातक: 'म्हणून निर्धोक.'

सुगंधाने त्वचेला अ‍ॅलर्जी होते ती बहुतेक वेळा सुगंधाच्या रेणूंमुळे, आणि ते तेलातही असतातच. नैसर्गिक असल्याने ते सौम्य होत नाहीत. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल यांची अ‍ॅलर्जी त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे. 1973 मध्ये स्थापन झालेली 'इफ्रा' ही आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना अशा घटकांच्या कमाल मात्रा ठरवून देते. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर 26 सुगंधी अ‍ॅलर्जीकारक घटकांची नावं छापणं सक्तीचं होतं. 2023 च्या नियमाने ती यादी 80 च्या पुढे नेली आणि त्यात व्हॅनिलिन आहे, चंदनातलं सँटॅलॉलही आहे. याचा अर्थ हे घटक विषारी आहेत असा नाही. बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. पण ज्याला होतो, त्याला ते बाटलीत आहेत हे कळायला हवं.

'मी लावून पाहिलं, तासाभरात काही झालं नाही' हाही पुरावा नाही. ही अ‍ॅलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून तर डॉक्टर पॅच टेस्टची पट्टी 48 तास ठेवतात आणि नंतर पुन्हा एकदा त्वचा तपासतात. घरी नवं तेल वापरून पाहायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, त्याच जागी, आठवडाभर लावा. एका वेळी एकच तेल घ्या, नाहीतर खाज कशाने आली ते कळणार नाही. लाली किंवा खाज आली तर लगेच थांबा. तान्ह्या बाळाला हे लावू नका, आणि चॉकलेटचा वास येणारी बाटली लहान मुलाच्या हाताला लागेल अशी तर अजिबात ठेवू नका. त्याला तो खाऊच वाटणार.

आता छोटे गैरसमज, थोडक्यात.

'मनगटं एकमेकांवर घासली की वासाचे रेणू चिरडतात.' रेणू असे चिरडत नाहीत. घासल्याने त्वचा तापते आणि वरचे हलके वास लवकर उडतात, इतकंच.

'मध्ये कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं.' 2011 मध्ये 'पर्सेप्च्युअल अँड मोटर स्किल्स' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरली नाही. दारात जाऊन दोन श्वास घ्या.

'मला वास येईनासा झाला, म्हणजे उडाला.' नाक सततच्या वासाला सरावतं. गर्दीच्या लोकलमध्ये शेजारणीला तो येतच असतो. पुन्हा लावण्याआधी तिचा विचार करा.

'तेल तपकिरी झालं, म्हणजे भेसळ.' उजेड आणि हवा लागून व्हॅनिलिन तपकिरी होतं. भेसळ नसली तरी पांढऱ्या कुर्त्यावर डाग मात्र पडतो.

'जास्त टिकतं ते उंची.' व्हॅनिलिन सावकाश उडतं, लिंबाचा वास झटकन. हा रेणूंचा स्वभाव आहे, त्यावरून दर्जा ठरत नाही.

'लिमिटेड एडिशन, म्हणजे दुर्मीळ घटक.' याचा अर्थ फक्त खेप छोटी आहे. आधी एक-दोन मिलीची नमुना कुपी मागा. संपेल या घाईने मोठी बाटली घेऊ नका.

घेताना लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पाहा. अत्तर आणि परफ्यूम कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम छोट्या उत्पादकालाही लागू आहेत. मग दोनच प्रश्न विचारा: यात काय घातलं आहे, आणि ते कशात पातळ केलं आहे?

उद्या कुणी 'पार्ल्याची भट्टी' नावाची बाटली समोर ठेवली आणि कागदावर व्हॅनिलिन, एथिल माल्टॉल, द्रावक असं सगळं स्वच्छ लिहून दिलं, तर मी ती आनंदाने घेईन. आठवडाभर कोपराच्या आत लावेन. त्वचा शांत राहिली, तर मग मनगटावर.